डाळीचा कौल

आमच्या जावयानं गुरुग्रामला फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरच्या माणसानं त्याला अठराव्या मजल्याच्या बाल्कनीत उभं करून सांगितलं होतं की इथून अरवली दिसते. त्यानंतरचे चार हिवाळे मी त्या बाल्कनीत चहा प्यायलो. धुरक्यात मला समोरच्या टॉवरवर वाळत घातलेल्या चादरींखेरीज काही दिसलं नाही. अरवली बघायची तर अठरा मजले उतरूनच जायला हवं, हे माझ्या लक्षात आलं आणि यंदाच्या पौषात मी खरोखर गेलो. तीन दिवसांत माझे गुडघे, माझी विजार आणि माझी अब्रू या तिघांनाही लहानमोठी दुखापत झाली. पण तिथे जे पाहिलं ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

मी जन्मानं मराठी आणि सवयीनं दिल्लीकर. वडील इथे सरकारी नोकरीत आले, मी पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलो, पुढे एका सरकारी कचेरीत छत्तीस वर्षं फायली हलवल्या आणि आता मुनिरक्याजवळ पेन्शन खात बसलो आहे. शेतीशी माझा संबंध भाजीवाल्याशी घासाघीस करण्यापुरता. माझ्यासारख्याला खेड्यात नेलं ते मुलीच्या सोसायटीच्या सिक्युरिटी सुपरवायझरनं, सुभेदार जगतापांनी. ते साताऱ्याकडचे, माण तालुक्यातले. फौजेतून निवृत्त झाल्यावर मुलांच्या शिक्षणासाठी इकडेच राहिले.

आमची ओळख टँकरनं करून दिली. मुलीच्या सोसायटीत पाणी टँकरनं येतं, आणि एका सकाळी तो न आल्यामुळे मी अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत अडकलो होतो. त्याचा राग काढायला गेटवर गेलो तर जगतापांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"साहेब, टँकरला शिव्या देऊन पानी वाढत न्हाई," ते म्हणाले. "वाढतं कसं ते बघायचं आसंल तर अमावस्येला चला माझ्यासंगं."

मला आधी हा काहीतरी लिंबू-टाचणीचा प्रकार वाटला. मग त्यांनी सांगितलं. फौजेतल्या त्यांच्या जिगरी दोस्ताचं, धरमपालचं गाव सोहन्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी आहे, त्याचं नाव रोंझवास. धरमपाल चार वर्षांपूर्वी गेला. पण जगताप जमेल त्या अमावस्येला रजा टाकून त्या गावाला जातात. त्या भागात अमावस्येला शेतात नांगर घालत नाहीत, आता ट्रॅक्टरही नाही. जमीन आणि जनावरं दोघांना सुट्टी. माणसांना मात्र सुट्टी नाही, कारण त्या दिवशी घरटी एकानं गावच्या जोहडातली, म्हणजे गावतळ्यातली, माती काढायची असते. मधे वीसेक वर्षं ही रीत बंद पडली होती. तळं बुजलं, विहिरी खारावल्या आणि मग गावाला ती आठवली.

आमच्या सौभाग्यवतींना, सुलभाला, हे अजिबात पसंत नव्हतं. अमावस्येला घराबाहेर पडायचं आणि तेही चिखल उपसायला, हे तिच्या माहेरी कुणी ऐकलं असतं तर लग्नच झालं नसतं, असं ती म्हणाली. ती आली नाही. पण आमटीशिवाय माझं दोन दिवस निभत नाही हे ठाऊक असल्यामुळे गोडा मसाला आणि आमसुलांची डबी तिनं पिशवीत टाकली. त्या डबीनं पुढे काय घोळ घातला ते यथावकाश येईलच.

शुक्रवार

सोहना मागे पडलं तसे टॉवर संपले, लग्नाच्या लॉनच्या कमानी विरळ झाल्या आणि एकदम दोन्ही बाजूंना मोहरी सुरू झाली. इतका पिवळा रंग मी एका जागी कधी पाहिला नव्हता. मागे उभा होता तो अरवलीचा डोंगर, ठेंगणा, काटेरी आणि करडा. सह्याद्रीची सवय असलेल्याला तो डोंगर म्हणावा की नाही असा प्रश्न पडेल, पण जगताप त्याच्याकडे फार आदरानं बघत होते. त्यांच्या माणातले डोंगरही असेच आहेत म्हणे.

धरमपालच्या पत्नी संतरोदेवी आम्हाला घ्यायला वेशीपर्यंत आल्या होत्या. साठीच्या, उंच, डोक्यावर ओढणी आणि आवाज असा की शेताच्या दुसऱ्या टोकाची म्हैस वळून बघेल. जगताप त्यांना भाभी म्हणतात. त्यांचा मुलगा विकास तिशीतला आहे आणि गुरुग्रामच्या एका गोदामात नोकरीला रोज जातो-येतो. तो माझ्याशी नम्रपणे बोलला, पण जगतापांशी जेवढ्यास तेवढं. त्याचं कारण मला जेवताना कळलं.

जेवण आधी सांगतो. बाजरीची खिचडी, तिच्यावर तूप वाढताना थांबायचं कधी हे त्या घरात कुणाला माहीत नव्हतं. सोबत बथुआचं रायतं. बथुआ म्हणजे आपला चाकवत. आपण त्याला ताकात शिजवतो, ते त्याला दह्यात कालवतात, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की आपण चाकवतावर थोडा अन्याय करत आलो आहोत. हे सगळं ज्यात रांधलं ते पाणी मात्र टँकरचं होतं. अठराव्या मजल्यावरची माझी मुलगी आणि विहीर उशाशी असलेल्या संतरोदेवी एकाच प्रकारचं पाणी पीत होत्या.

आता कारण. गावानं जोहड उपसलं त्या वर्षी पाऊस झाला तरी पाणी आत येईना. जगतापांनी डोंगर हिंडून पाहिला, तेव्हा दिसलं की नव्या रस्त्याच्या भरावानं ओढ्याची वाट बुजली आहे. गावानं ती मोकळी केली, डोंगरावर दगडांचे छोटे बांध घातले. पण ओढा जोहडापर्यंत आणायला कुणाच्या तरी शेतातून चर काढायला हवा होता. संतरोदेवींनी आपल्या शेताची एक अख्खी कड दिली. दोन पावसाळे जोहड भरलं. त्यांची विहीर जोहडाच्या लगेच खाली, म्हणजे पाझर लागलाच तर आधी तिथे लागणार. तो लागला आणि विहीर गोड झाली तर बाकीच्या विहिरींनाही आशा. खाऱ्या पाण्यावर मोहरी आणि जवाशिवाय काही येत नाही. गहू, मटार, गाजरं सगळं बंद झालं होतं.

विकासचं म्हणणं साधं होतं. जमीन गेली, पाणी खारंच राहिलं, बाहेरच्या माणसाचं ऐकून आईनं नुकसान करून घेतलं. शेत लग्नाच्या लॉनसाठी वीस वर्षांच्या करारावर मागणारा एक गृहस्थ गुरुग्रामहून दोनदा येऊन गेला होता. हिरवळ बारमाही हिरवी राखायला तो जोहडाला खेटून खोल बोअर घेणार होता. तो बोअर पडला की गावानं साठवलेलं पाणी त्याच्या गवताला जाणार, हे सगळ्यांना कळत होतं, विकासलाही. आई आणि मुलात ठरलं होतं ते असं: या अमावस्येला विहिरीच्या पाण्यात चण्याची डाळ शिजली तर शेत राहील, नाही शिजली तर रविवारी लॉनवाला येईल तेव्हा संतरोदेवी अंगठा नाही, सही करतील. सही करायला त्या फौजेच्या क्वार्टर्समध्ये असताना शिकल्या होत्या.

मी विचारलं की डाळ कशाला, चव घेऊन कळणार नाही का. संतरोदेवींनी विहिरीचं तांब्याभर पाणी आणून तिघांना दिलं. मला ते गोड लागलं, जगतापांना किंचित मचूळ, आणि विकास म्हणाला पहिल्यासारखंच आहे. त्याच्याकडे पाणी तपासायचं पेनासारखं यंत्र होतं, पण ते जोहडात पडलं होतं आणि बहुधा अजून तळाशी मोजमाप करत असावं.

"जीभ को आदत पड़ जाती है, भाई साहब," संतरोदेवी म्हणाल्या. "दाल को ना पड़ती."

जड आणि खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही, हे आपल्याकडेही बायकांना माहीत असतं. पण शेतात काय पेरायचं ते डाळीला विचारून ठरवणारं गाव मी पहिल्यांदा पाहत होतो. गेली तीन वर्षं त्यांच्या हंडीतली डाळ दाताखाली खड्यासारखी लागली होती.

शनिवार, अमावस्या

सकाळी जोहडावर निम्मं गाव होतं. ती माघातली अमावस्या आहे असं मला एका आजोबांनी सांगितलं. मी म्हटलं, आमच्याकडे अजून पौष आहे. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावस्येला, त्यामुळे कृष्णपक्षात ते आपल्यापेक्षा एक महिना पुढे असतात. आजोबांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि महाराष्ट्र एवढा मागे कसा राहिला असं विचारलं.

पाणी मधे सरकलं होतं आणि कडेला काळाभोर गाळ उघडा पडला होता. तो फावड्यानं तसल्यात, म्हणजे आपल्या घमेल्यात, भरायचा आणि ओळीनं वर पोचवायचा. वर ट्रॉल्या उभ्या. हा गाळ ज्याच्या त्याच्या शेतात जातो, त्यामुळे तळं खोल होतं आणि शेताला खत मिळतं. गावानं स्वतःला काही नियमही घालून घेतले आहेत. जोहडाच्या आसपास नवा बोअर नाही, भात नाही, आणि गुरांनी एकाच बाजूनं उतरायचं. नियम मोडणाऱ्याला दंड नाही, पुढच्या अमावस्येला दुप्पट माती काढायची. मला ही शिक्षा आमच्या कचेरीत लागू करावीशी वाटली.

बायका गात होत्या आणि गाण्याच्या तालावर घमेली पुढे सरकत होती. मी ओळीत चौथा. दहा मिनिटांत पाठ बोलायला लागली, पण मागे ऐंशीचे ते आजोबा खांबासारखे ताठ उभे असताना थांबायची सोय नव्हती. विसाव्या घमेल्याला पाय घसरला आणि मी गाळात बसलो. नुसता बसलो नाही, हळूहळू खाली जाऊ लागलो. चौघांनी ओढून काढलं. विजार कामातून गेली. संतरोदेवींनी धरमपालची जुनी फौजी पँट आणून दिली. तिच्यात मी दोनदा मावलो असतो. ती सुतळीनं बांधून मी परत ओळीत उभा राहिलो, आणि त्यानंतर मला कुणी साहब म्हटलं नाही, सगळे ताऊ, म्हणजे थोरले काका, म्हणू लागले. निवृत्तीनंतर मिळालेली ही माझी एकमेव बढती.

दुपारी हंडी चढली. संतरोदेवींनी विहिरीचं पाणी स्वतः शेंदलं, गोवऱ्या पेटवल्या, पाण्यात मूठमूठ डाळ घातली. मीठ नाही, सोडा नाही, झाकण नाही. तेवढ्यात म्हैस सुटली म्हणून हाक आली आणि त्या उठल्या. जगताप आणि विकास जोहडावर होते. उतू जाऊ नये एवढं बघा, असं मला सांगून त्या गेल्या.

मी चुलीपाशी बसलो. डाळ बिचारी पाण्यात एकटी फिरत होती. मला वाटलं, शिजल्यावर ही सगळ्यांनी खायची आहे, तर हिला थोडं घरचं वळण लावावं. मीठ घालायचं नाही हे माझ्या लक्षात होतं आणि त्याचा मला अभिमानही वाटला. पिशवीतून डबी काढली आणि चांगली आठ-दहा आमसुलं हंडीत सोडली. म्हैस बांधून संतरोदेवी आल्या तेव्हा त्यांनी ते काळे तुकडे पाहून विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडचा मसाला. त्यांना ती मोठ्या वेलचीची सालं वाटली असावीत. त्या हसल्या.

तासाभरानं त्यांनी एक दाणा काढून दोन बोटांत दाबला. दबला नाही. आणखी अर्ध्या तासानं दाबला. मग गोवऱ्या वाढवल्या. जोहडावरून विकास आला, जगताप आले, शेजारच्या दोघीतिघी आल्या. उन्हं कलली तरी दाणा अख्खा होता. संतरोदेवींनी हंडी खाली उतरवली, ओढणीनं हात पुसले आणि ठीक आहे एवढंच म्हणाल्या. विकासला आनंद होईल असं मला वाटलं होतं. तो पाठ फिरवून विहिरीच्या काठावर जाऊन बसला. जगतापांचा चेहरा मला बघवेना. त्या माणसानं दोन वर्षं रजा घालवून डोंगरावर दगड वाहिले होते, आणि दोस्ताच्या बायकोचं शेत आपल्यामुळे गेलं असं त्यांना वाटत होतं.

मला घरी फोन करावासा वाटला. गच्चीवर जाऊन सुलभाला सगळं सांगितलं, वाईट वाटतं म्हणालो. मी डाळ किती निगुतीनं सांभाळली तेही सांगितलं, आमसुलांसकट.

आमसुलांपाशी तिनं मला थांबवलं.

"आमसुलं कधी घातलीत? डाळ शिजायच्या आधी?"

मी हो म्हणालो.

"अहो, आंबट आधी घातलं की डाळ जन्मात शिजत नाही. चाळीस वर्षं माझ्या हातची आमटी खाताय, एकदा तरी स्वयंपाकघरात डोकावायचं होतं. खाली जा आणि आत्ताच्या आत्ता सांगा त्यांना."

मी गच्चीवर उभा राहिलो. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. एका क्षणी असंही मनात आलं की न सांगता परत जावं, उद्या आपण इथे नसणारच. हे लिहितानाही कान तापतात, पण आलं हे खरं. मग धरमपालच्या पँटची सुतळी घट्ट केली आणि खाली गेलो.

संतरोदेवींनी ऐकून कपाळावर हात मारला. खटाई आधी घालत नाहीत हे त्यांना माहीत होतं, आमसूल म्हणजे खटाई हे माहीत नव्हतं. विकासचा मात्र विश्वास बसेना.

"अंकल, आप माँ का दिल रखने को बोल रहे हो," तो म्हणाला.

त्याचं चूक नव्हतं. एका संध्याकाळी अचानक सापडलेली सबब मीही कचेरीत कधी मान्य केली नसती. तोडगा जगतापांनी काढला. सकाळी दोन हंड्या चढवायच्या. पाणी तेच, डाळ तीच, आच तीच. एकीत माझी आमसुलं, दुसरीत काही नाही. आणि राखण विकासनं करायची.

"बैठूँगा मैं," विकास म्हणाला. "और कोई पास ना आवे।"

रविवार

लॉनवाला अकराला येणार होता. आठ वाजता विकासनं स्वतः पाणी शेंदलं, डाळ वाटीनं मापून दोन्हीकडे घातली. मी डबी त्याच्या हातात दिली आणि दहा पावलं लांब जाऊन बसलो. बातमी गावभर गेली होती. लोक जोहडावर जातात तसे अंगणात येऊन बसले, आजोबा सर्वांत पुढे. धुकं इतकं की दोन्ही चुलींचा जाळ तेवढा दिसत होता आणि त्यांच्या मधे उकिडवा बसलेला विकास.

पाऊण तास झाला. विकासनं माझ्या हंडीतला दाणा घेतला, दाबला आणि फेकला. टणक. मग दुसऱ्या हंडीत पळी घातली. दाणा बोटांवर घेतला, आणि त्याला दाबावा लागलाच नाही. तो बोटांमध्ये पसरला. विकासनं दुसरा घेतला, तिसरा घेतला. मग पळीच आईपुढे धरली.

"माँ," तो म्हणाला, "घुल गई।"

संतरोदेवींनी दाणा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही. मग अंगणात जे झालं त्याला मी उत्सव म्हणेन. प्रत्येकाला चिमूटभर डाळ बोटांत दाबून बघायची होती. बायकांनी कालचं गाणं पुन्हा उचललं. आजोबांनी चार जणांना विहिरीपाशी नेऊन पुढच्या थंडीत कुठे गहू आणि कुठे मटार ते काठीनं आखून दाखवलं, जणू शेत त्यांचंच होतं. दोन घरांनी तिथल्या तिथे सांगितलं की चर पुढे न्यायला आमच्याही शेताची कड घ्या. विकास जगतापांपुढे जाऊन उभा राहिला आणि त्यांच्या पाया पडला. सुभेदारांनी त्याला उठवून सलाम ठोकला. आणि मी, ज्यानं या सगळ्यावर पाणी फिरवलं होतं, तोही खुशीत कुणाच्या तरी गळ्यात पडत होतो.

संतरोदेवींनी त्या डाळीला तुपाजिऱ्याची फोडणी दिली, मीठ घातलं. एवढ्यात पांढरी गाडी आली. लॉनवाले गृहस्थ सभ्य होते. त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला, खाटेवर बसले आणि मांडीवर फाइल उघडली. संतरोदेवींनी त्यांच्या हातात आधी वाटी दिली, बाजरीची भाकरी दिली, तिच्यावर लोण्याचा गोळा ठेवला. जेवल्याशिवाय त्या घरात कुणी बोलत नाही. गृहस्थांनी एक घास घेतला, मग मन लावून वाटी संपवली.

"माताजी," ते म्हणाले, "दाल में डाला क्या है?"

"पानी," संतरोदेवी म्हणाल्या, आणि त्यांच्या मांडीवरची फाइल मिटवून त्यांनी आणखी एक पळी वाढली.